मदत हवी आहे : जीपच्या इंजिनावर एअर कॉम्प्रेसर बसवण्याबाबत

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे प्युजो डिझेल इंजिनाची जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. चिखलात उतरताना मी चाकांतील हवा सुमारे १८ पीएसआयपर्यंत कमी करतो, परंतु परतताना चारही चाके पुन्हा ३० पीएसआयपर्यंत भरेपर्यंत १२ व्होल्टचा छोटा पंप इतका तापतो की मध्येच थांबावे लागते. म्हणून एसीचा जुना कॉम्प्रेसर इंजिनावर पट्ट्याने चालवून त्यातून हवा घेण्याचा माझा विचार आहे.

मुख्य काळजी वंगणाची आहे. एसीच्या बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये तेल थंडावा देणाऱ्या वायूबरोबर फिरून परत येते. येथे मात्र ते हवेबरोबर बाहेर पडणार आणि आतले भाग कोरडे पडणार. यॉर्क पद्धतीच्या कॉम्प्रेसरला स्वतःची तेलाची टाकी असते, त्यामुळे मला तोच योग्य वाटतो, पण तो आकाराने मोठा आहे. एमएम ५४० वर तो कोणी बसवला आहे का? ब्रॅकेट कोठे टेकवले आणि पट्टा सरळ रेषेत कसा आणला? लहान कॉम्प्रेसर वापरणाऱ्यांनी तेल कसे पुरवले? हवेच्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच लावणारच आहे. फोटो असल्यास कृपया जरूर द्यावेत.