छपरावरच्या घुमटीत दिवे लावायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घराच्या उतरत्या छपरावर मधोमध एक लाकडी घुमटी आहे. चौकोनी, साडेतीन फूट रुंद, चारेक फूट उंच, वर पत्र्याची टोपी. दोन बाजूंना काचा आणि दोन बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. माळ्यावर साठलेली गरम हवा या झडपांतून बाहेर जाते. दिवसा घुमटी झकास दिसते, पण अंधार पडला की असून नसल्यासारखी. संध्याकाळी तिच्यात मंद पिवळसर उजेड असावा आणि तो रस्त्यावरून दिसावा, एवढीच हौस आहे.

माळ्यावर उभं राहिलं की घुमटीच्या खालच्या कडेपर्यंत हात पोचतो. वरच्या टोकाला जायचं तर शिडी हवी, आणि ती टेकवायला तुळईशिवाय जागा नाही. म्हणजे दर वेळी बल्ब बदलायला वर चढणं मला तरी जमणार नाही. खालच्या खोलीतल्या स्विचबोर्डापासून घुमटीपर्यंत वायर न्यायची तर २० मीटर लागेल.

इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, मधोमध होल्डर टांगू, एलईडी बल्ब लावू, काम खलास. मला ते पटेना म्हणून आधी बॅटरीवरचा कंदील आत टांगला आणि रस्त्यावर जाऊन पाहिलं. डोळ्यात घुसणारा एक पांढरा ठिपका, बाकी घुमटी काळीच. शिवाय काचेवरची कोळिष्टकं आणि कोपऱ्यात मरून पडलेले किडे असे उठून दिसले की विचारू नका!

तर दिवा कुठे आणि कसा बसवावा? सोलरचा विचार करावा का? आणि झडपांमधून पावसाचे शिंतोडे आत येतात, त्याचं काय? जाणकारांनी (शब्दशः) प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

कंदिलाची चाचणी घेतलीत हे फार बरं केलंत. बल्ब मोठा घेतला असता तर ठिपकाच मोठा झाला असता. दिवा दिसायला नको, दिव्याने उजळलेली जागा दिसायला हवी.

आता तुम्ही रस्त्यावरून घुमटीकडे बघता तेव्हा मान वर असते. काचेतून तुम्हाला घुमटीचा तळ दिसत नाही, टोपीची आतली बाजू दिसते. म्हणून उजेड तिथे पाडा. टोपी आतून पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवून घ्या. मग काचेच्या चौकटीच्या खालच्या पट्टीमागे, चारही बाजूंनी, एलईडी स्ट्रिप वर तोंड करून बसवा. खालून बघणाऱ्याला स्ट्रिप चौकटीआड राहते आणि टोपीवरून परतलेला मऊ उजेड तेवढा दिसतो. तुमचा हातही तिथवर पोचतोय, त्यामुळे शिडीचा प्रश्न मिटला. रंग मात्र एकदा वर चढूनच द्यावा लागेल. ते काम रंगाऱ्याला द्या, तुळईवर शिडी टेकवून कसरत नको.

२७०० केल्विनची स्ट्रिप घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). ४००० च्या पुढे गेलात तर घुमटीचा दवाखान्याचा व्हरांडा होईल. तांबूस-पिवळ्या उजेडाकडे किडेही तुलनेने कमी येतात.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. मी काचांना आतून दुधी फिल्म लावा असंही सुचवीन. कोळिष्टकं झाकली जातील.

प्रतिसाद

फिल्म नको! रात्री ठीक, पण दिवसा आरपार आकाश दिसतं हीच अशा घुमटीची मजा, ती जाईल. काचा पुसाव्यात, सरळ.

मी वायरिंगचं बोलतो. घुमटी ही घरातली सगळ्यात तापणारी जागा, आणि एलईडीच्या पट्टीआधी मरतो तो तिचा ड्रायव्हर (घरातल्या विजेचा दाब पट्टीला लागेल इतका कमी करणारा डबा), कारण त्यातले कपॅसिटर. दर १० अंश जास्त तापमानाला त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे. तेव्हा ड्रायव्हर वर ठेवूच नका. तो खाली स्विचबोर्डाजवळ हवेशीर ठेवा आणि वर फक्त कमी व्होल्टेजची वायर न्या.

पण मग १२ व्होल्टची स्ट्रिप नको, २४ ची घ्या. तुमचा घेर सव्वाचार मीटरचा, मीटरला ४.८ वॅटची स्ट्रिप धरली तर साधारण २० वॅट. २० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर वायर. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध त्यात अर्ध्या ओहमच्या आसपास. १२ व्होल्टला वाटेतच पाऊण व्होल्टच्या वर गळतो, म्हणजे जवळजवळ ७ टक्के. २४ ला हाच आकडा २ टक्क्यांच्या आत येतो.

स्ट्रिप अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा, उष्णता पसरते. शिंतोड्यांसाठी आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असलेली स्ट्रिप पुरे, आणि जोड घुमटीत ठेवायचाच असेल तर बंद डबीत, वायर डबीच्या खालून आत जाईल अशी. वायरसाठी छपराला बाहेरून भोक पाडू देऊ नका, माळ्यातूनच न्या. आणि पाऊस येतो म्हणून झडपा बुजवू नका, माळा तापून निघेल. मेन लाइनच्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, तेही तपासून घ्या.

धागाकर्ता

खूप आभार! चौकटीमागची पट्टी मोजली, पाच इंच उंच आहे, स्ट्रिप आरामात लपेल. फक्त समोरच्या घराची गच्ची आमच्या घुमटीच्या बरोबरीने आहे, तिथून दिसेल का? आणि सोलरचं कुणीच बोललं नाही.

घुमटीच्या शेंड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा आहे. त्याच्या दांड्याला बांधून एक छोटा दिवा वर नेला तर?

प्रतिसाद

समोरची गच्ची तुमच्या पातळीला असेल तर पट्टीची उंची पुरते. पट्टीच्या वरून डोकावणारा कुणी असेल तरच स्ट्रिप दिसेल. तरी डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावाच. एवढी स्ट्रिप पूर्ण ताकदीने लावायची गरज पडणार नाही, आणि मंद चालवली तर तापतेही कमी.

सोलरचं पॅनेल छपरावर दिसणार, बॅटरी उन्हात भाजणार, आणि दोन-चार ढगाळ दिवसांत दिवा लवकर मान टाकणार. घरात वीज असताना तो खटाटोप कशाला? वेळेसाठी टायमर बरा. अंधार ओळखणारा सेन्सर लावणार असाल तर तो घुमटीत नको, स्वतःच्याच उजेडाने फसून दिवा लावत-विझवत बसतो.

कोंबड्याला मात्र हात लावू नका. घरातला सगळ्यात उंच लोखंडी दांडा तोच. त्याला घरातली वायर बांधणं म्हणजे आकाशातून पडणाऱ्या विजेला थेट स्विचबोर्डापर्यंत वाट करून देणं. स्ट्रिपची वायरसुद्धा दांड्याच्या बुंध्यापासून लांबच ठेवा. घराला वीजरोधक (पडणारी वीज जमिनीत नेणारी व्यवस्था) असेल तर तो बसवणाऱ्यालाच किती अंतर सोडायचं ते विचारा. नसेल तर हे काम सुरू करण्याआधी त्याचं बघा.