एसएम ५७ साठी प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्स किती ठेवावा?

प्रश्न
मी एका छोट्या व्हॉल्व्ह अँपसमोर शुअर एसएम ५७ माइक लावून इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतो. माझ्या फोकसराइट आयएसए वन प्रीअँपवर (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) इनपुट इम्पीडन्ससाठी, म्हणजे इनपुट सिग्नलला किती विद्युत विरोध देतो त्यासाठी, ६००, १४००, २४०० आणि ६८०० ओहम असे चार पर्याय आहेत. ६८०० वर आवाज मोकळा वाटतो, ६०० वर दबल्यासारखा. हा फरक खरा आहे की कानांचा भ्रम?

उत्तर १
दोन्ही. एसएम ५७ चा स्वतःचा इम्पीडन्स सुमारे ३१० ओहम असल्यामुळे ६०० ओहमच्या भारावर (म्हणजे प्रीअँपच्या इनपुट इम्पीडन्सवर) सिग्नल साधारण ३.६ डेसिबलने घटतो, तर ६८०० वर तो जेमतेम ०.४ डेसिबलने घटतो. म्हणजे तुम्ही तुलना करता तेव्हा एक आवाज तीन डेसिबलने मोठा असतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. आधी गेनने पातळी जुळवा, मगच निर्णय करा. शक्य असल्यास एकच वादन लूपरवर (वादन नोंदवून तेच पुन्हा वाजवणारे उपकरण) घेऊन अँपला पुन्हा पुन्हा ऐकवा, कारण दोनदा वाजवले की बोटांचाच फरक इम्पीडन्सच्या फरकापेक्षा मोठा निघतो.

उरलेला फरक खरा असतो. एसएम ५७ सारख्या डायनॅमिक माइकचा (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) इम्पीडन्स सर्व कंप्रतांना सारखा नसतो. पडद्याच्या अनुनादापाशी आणि कॉइलच्या इंडक्टन्समुळे (कंप्रतेबरोबर वाढणारा विरोध) वरच्या पट्टीत तो वाढतो, त्यामुळे कमी ओहमचा भार नेमक्या त्याच जागा अधिक खाली ओढतो.

उत्तर २
रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीवर चालणारा) असेल तर मात्र ६०० च्या वाटेला जाऊ नये. रॉयर आर-१२१ साठी निर्माते १५०० ओहमपेक्षा जास्त भार सुचवतात. कंडेन्सर माइकमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक्स असल्याने हे बटण फिरवून सहसा फारसे काही बदलत नाही.

प्रश्नकर्ता
गिटारची वायर थेट माइकच्या इनपुटला जोडली तर?

उत्तर १
तसे करू नका. गिटारच्या पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला सुमारे १ मेगाओहमचा भार लागतो. काही हजार ओहमवर त्याचा वरचा अनुनाद दबून आवाज मंद होतो. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट इनपुट किंवा डीआय बॉक्सच (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारा डबा) वापरावा.

प्रश्नकर्ता
पातळी जुळवून ऐकले. बराचसा फरक नाहीसा झाला. परंतु डिस्टॉर्शनची किरकिर ६०० वर खरोखरच सौम्य आहे, तेव्हा त्या ट्रॅकपुरते ६०० ठेवतो.