मिस्टर मिलिटरीतून पेन्शन आलेत पण घरात असून नसल्यासारखे.. मदत हवी आहे

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. सातारा जिल्ह्यातलं गाव आमचं, इथे घरटी एक मिलिटरीवाला. मिस्टर 17 वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी पेन्शन आले, त्यात दोनदा आरआरला (राष्ट्रीय रायफल्स), काश्मीरमध्ये कुपवाडा साईडला. तिकडे काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही, एक जोडीदार गेला एवढंच, तेही त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं.

झोप नाही. लागली तरी दचकून उठतात, बनियन घामाने चिंब. एकदा हलवून जागं करायला गेले तर माझं मनगट असं धरलं की बांगड्या फुटून रुतल्या, मग स्वतःच रडत बसले. तेव्हापासून मी आधी लाईट लावते, पायाशी लांब उभी राहून "अहो, घरीच आहात" म्हणते, मगच जवळ जाते. आता तर गच्चीवरच झोपतात. कुणाच्या वरातीत फटाके लागले की हे गाडी काढून शेतात.

नवराबायको म्हणून आमच्यात वर्षभर काही नाही, हे कुठे बोलणार. तिकडे असताना रेंज आली की पाऊण तास बोलायचे, म्हशीने दूध किती दिलं तेसुद्धा विचारायचे. आता समोर बसून दोन शब्द नाहीत, आणि बोललेच तर ऑर्डर. मीपण इतकी वर्षं एकटीने घर रेटलंय, उलटून बोलते, मग आठवडा आठवडा अबोला.

सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषी झाला, कोंबडं झालं. मोबाईलवर पीटीएसडीचं (भयंकर प्रसंगाच्या धक्क्याने होणारा मनाचा आजार) वाचलं, बरंच जुळतं, पण मी काय डॉक्टर नाही. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर गुडघा दाखवून आले, झोपेबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण बँकेत गनमनसाठी अर्ज केलाय आणि मानसिकचा कागद झाला तर लायसन मिळणार नाही म्हणतात. खरं सांगू, बंदूक घरात येणार या विचारानेच मला धडकी भरते.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे ना, पुण्याच्या एएफएमसीत (मिलिटरीचं मेडिकल कॉलेज) 2023 मध्ये फौजींसाठी त्यांचा वेगळा सेलपण झालाय, तर मी एकटीने, यांना न सांगता फोन केला तर चालतं का? कुणाचे मिस्टर मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे गेलेत का, पहिल्यांदा तयार कसं केलंत?

"माहेरी निघून ये" असले सल्ले प्लीज नकोत, माणूस वाईट नाहीये हो. परवा भाकरी थापताना माझ्या मनगटावरची ती खूण बघत होते, मी वर बघितलं तसे ताट तसंच ठेवून उठून गेले.