शब्दचर्चा : ‘विलायत-ए-फकीह’ आणि मराठीतला ‘वाली’

प्रश्न : इराणच्या राजकारणावरील लेखांत ‘विलायत-ए-फकीह’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि मराठीत त्याचा अर्थ बहुधा ‘धर्मगुरूंची राजवट’ असा दिला जातो. आपल्याकडे विलायत म्हणजे इंग्लंड, किंवा ढोबळपणे परदेश. मग ही विलायत इराणच्या राज्यघटनेत कशी आली, आणि ‘फकीह’ म्हणजे आपला फकीरच का?

उत्तर : दुसऱ्या शंकेचे निरसन थोडक्यात होते. फकीह आणि फकीर यांचा काहीही संबंध नाही. ‘फिक्ह’ म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातील विधिविचार आणि तो जाणणारा तो फकीह. फकीर हा शब्द दारिद्र्यवाचक धातूपासून आला आहे. आपली ‘फिकीर’ तिसऱ्याच कुळातली. तेव्हा फकीह म्हणजे धर्मशास्त्री, साधारणपणे आपल्याकडे धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्र्यासारखा. ‘धर्मगुरू’ हा शब्द त्याला पुरता बसत नाही, कारण गुरूकडे दीक्षा असते, तर फकीहाकडे मुख्यतः कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार असतो.

विलायत हा शब्द मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. अरबीतील ‘व-ल-य’ या धातूचा मूळ अर्थ जवळ असणे. जो जवळचा तो मित्र, जो पाठीशी उभा राहतो तो कैवारी, आणि ज्याच्याकडे दुसऱ्याचा कारभार सोपवलेला असतो तो पालक किंवा अधिकारी, असा या अर्थाचा विस्तार झाला. वली, मौला आणि मौलवी ही सगळी याच धातूची अपत्ये. आपला ‘अवलिया’ म्हणजे खरे तर ‘वली’चे अनेकवचन, मराठीने ते एकवचनी करून टाकले. सुभ्यावर नेमलेला अधिकारी तो वाली आणि त्याच्या अंमलाखालचा मुलूख ती विलायत. अफगाणिस्तानात आजही प्रांताला विलायतच म्हणतात. हिंदुस्थानात हा शब्द आधी इराण-तुराणच्या मुलखासाठी वापरला जाई, नंतर तो साहेबाच्या देशाला चिकटला आणि आपल्या कानांना तेवढाच ओळखीचा राहिला.

परंतु मराठीने याच कुळातला दुसरा शब्द जपून ठेवला आहे, तो म्हणजे ‘वाली’. रामायणातल्या वालीशी त्याचा संबंध नाही. ‘त्या पोरांना आता कोणी वाली उरला नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला सुभेदार अभिप्रेत नसतो. रक्षण करणारा, बाजू घेणारा, जबाबदारी उचलणारा माणूस अभिप्रेत असतो. इराणच्या घटनेतील विलायत नेमकी ही आहे. विलायत-ए-फकीह म्हणजे फकीहाचे वालीपण. (फारसीतील हा ‘ए’ आपल्या चा-ची-चे या प्रत्ययाचे काम करतो, फक्त शब्दांचा क्रम उलटा असतो.)

हा अर्थ ध्यानात घेतला नाही, तर शिया पंथाचा मूळ वादही कळत नाही. इ. स. ६३२ मध्ये गदीर-ए-खुम्म येथे ‘ज्याचा मी मौला, त्याचा अली मौला’ असे प्रेषितांनी म्हटल्याचे शिया आणि सुन्नी दोघेही मानतात. (अली म्हणजे प्रेषितांचे चुलतभाऊ आणि जावई.) मतभेद आहे तो ‘मौला’ या शब्दाच्या अर्थाबद्दल. सुन्नी परंपरा त्याचा अर्थ प्रिय मित्र, पाठीराखा असा करते. शिया परंपरा त्याचा अर्थ वाली, म्हणजे समाजाची सूत्रे ज्याच्या हाती द्यायची तो, असा करते. एका शब्दाच्या अर्थछटेवर एवढा मोठा इतिहास उभा आहे, हे शब्दांची आवड असणाऱ्याने विसरू नये.

शिया श्रद्धेनुसार बारावे इमाम, म्हणजे अलींपासून चालत आलेल्या पंथप्रमुखांपैकी शेवटचे, नवव्या शतकात दृष्टीआड झाले आणि आजही ते हयात आहेत. या अवस्थेला ‘गैबत’ म्हणतात. आपला ‘गायब’ त्याच धातूचा. या इमामांचे एक बिरुद ‘वली-ए-असर’, म्हणजे या काळाचा वाली. तेहरानच्या उत्तरेतील तजरीशपासून दक्षिणेतील रेल्वे स्थानकापर्यंत जाणारा, दुतर्फा चिनारांची रांग असलेला लांबलचक रस्ता आहे, त्याचे नावही वलीअसर. १९७९ च्या क्रांतीपूर्वी त्याला शहाच्या घराण्यावरून पहलवी रस्ता म्हणत. त्यामुळे राजघराण्याचे नाव जाऊन इमामाचे बिरुद आले, ही घडामोड त्या एका पाटीवर वाचता येते.

आता राजकारणाकडे येऊ. इमाम दृष्टीआड असताना अनाथ मुले, वेडसर माणसे, बेवारस मालमत्ता यांचा सांभाळ कोणी करायचा, तर फकीहाने, एवढी मर्यादित विलायत शिया शास्त्रकारांना फार पूर्वीपासून मान्य होती. पुढे क्रांतीचे नेते झालेल्या आयातुल्ला खोमेनींनी १९७० साली इराकमधील नजफ येथे दिलेल्या व्याख्यानांत ती संपूर्ण राज्यापर्यंत नेली. राष्ट्राचा पालक आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलांचा पालक यांच्या कर्तव्यात फरक नाही, असा त्यांचा स्पष्ट युक्तिवाद होता. क्रांतीनंतर जून १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घटनेच्या पहिल्या मसुद्यात मात्र या कल्पनेचा मागमूस नव्हता. ती घटनासमितीत घातली गेली, डिसेंबर १९७९ च्या सार्वमताने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि वली-ए-असर यांच्या गैबतीच्या काळात विलायत न्यायी व धर्मनिष्ठ फकीहाकडे राहील, असे पाचवे कलम तयार झाले.

म्हणून मी ‘फकीहाचे पालकत्व’ किंवा थेट ‘फकीहाचे वालीपण’ असा प्रतिशब्द सुचवतो. ‘राजवट’ या शब्दाने फक्त सत्ता कोणाच्या हाती आहे ते कळते. ती कोणत्या नात्याने मागितली गेली, ते कळत नाही.

शंका : मराठीत ‘वाली’ या शब्दाला मायेचा ओलावा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या कारणावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या २२ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ‘ज़न, ज़िंदगी, आज़ादी’ म्हणत रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. अशा व्यवस्थेला वालीपण म्हणणे म्हणजे तिला सोज्वळ रूप देणे नव्हे का?

उत्तर : आक्षेप रास्त आहे आणि तो मी हलका मानत नाही. तिला ज्यांनी पकडले त्या पथकाचे नावही ‘गश्त-ए-इरशाद’. आपल्या पोलिसांची गस्त तीच ही गश्त, आणि इरशाद म्हणजे योग्य मार्ग दाखवणे. म्हणजे पालकत्वाची भाषा वरच्या कलमापासून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत एकच आहे. ती भाषा आपण अनुवादात पुसली, तर इराणी माणूस नेमका कशाविरुद्ध बोलतो आहे तेही पुसले जाते. त्याची तक्रार केवळ जुलमाबद्दल नाही. आपल्याला अज्ञान ठरवले गेले, याबद्दल ती आहे.

इथे ‘अज्ञान’ हा शब्द मी महसुली अर्थाने वापरतो आहे. सातबाऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ असे लिहून पालकाचे नाव येते, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आमच्या गावच्या जमिनीच्या उताऱ्यावर माझ्या वडिलांच्या नावाबरोबर आजीचे नाव असेच लागलेले होते. वडील सज्ञान झाल्यावर वयाचा दाखला जोडून अर्ज दिला, फेरफार झाला आणि ती तीन अक्षरे गेली. जमीन वडिलांचीच होती, फक्त आजी ती काही काळ सांभाळत होती, ही गोष्ट त्या उताऱ्यावर कोणालाही वाचता येत होती. विलायत-ए-फकीह समजून घेण्यासाठी मला याहून जवळचा मराठी शब्द सापडत नाही.

इराणमध्येही या शब्दावरचा वाद धर्मशास्त्र्यांनीच घातला, हे इथे सांगितले पाहिजे. नजफचे आयातुल्ला खोई यांना राज्यावरील विलायत मान्य नव्हती. आयातुल्ला मुंतज़री तर घटनासमितीचे अध्यक्ष आणि या तत्त्वाचे पुरस्कर्ते. ते खोमेनींचे नियोजित वारसही होते. राजकीय कैद्यांच्या हत्याकांडाला त्यांनी विरोध केला, मार्च १९८९ मध्ये ते वारसपदावरून दूर झाले, आणि पुढे फकीहाने ‘विलायत’ नव्हे, ‘नज़ारत’ करावी, असे ते सांगू लागले. नज़ारत म्हणजे नजर ठेवणे, देखरेख. १९९७ पासून पाच वर्षांहून अधिक काळ हे गृहस्थ स्वतःच्या घरात नजरकैदेत होते. दोन शब्दांतील अंतराची एवढी किंमत मोजलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवला, की ‘राजवट’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबावेत असे वाटत नाही.

विलायत एकटी येत नाही, तिच्याबरोबर ‘मसलहत’ येते. ही आपली मसलत. मराठीत तिला कारस्थानाचा वास लागला, पण ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात तिचा मूळ भलेपणा शाबूत आहे. सल्ला आणि मसलत दोन्ही ‘स-ल-ह’ म्हणजे हित, नीटपणा या धातूचे. फारसीत मसलहत म्हणजे व्यापक हित. जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी तेव्हाचे अध्यक्ष खामेनेई यांना लिहिलेल्या पत्रात राज्यसंस्था ही नमाज, रोजा आणि हज यांच्याही आधी येते, असे ठासून मांडले आणि लगेचच राज्यव्यवस्थेचे हित ठरवणारी परिषद स्थापन झाली. तिच्या फारसी नावात मसलहत आणि नेज़ाम (राज्यव्यवस्था) हे दोन्ही शब्द आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये इराकबरोबरची युद्धबंदी त्यांनी विषाचा प्याला म्हणत स्वीकारली. शास्त्राचा वाली शास्त्रालाही स्थगिती देऊ शकतो, हे तेव्हापासून उघड झाले. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की इराणच्या सुधारणावाद्यांना म्हणतात ‘इस्लाहतलब’, तेही त्याच स-ल-ह धातूवरून. हित कोणी ठरवायचे, यावर दोघांचे भांडण आहे.

परराष्ट्र व्यवहारातही या सत्ताधारी फकीहासाठी वापरला जाणारा ‘सर्वोच्च नेते’ हा प्रतिशब्द अपुरा पडतो. नेता एका देशाचा असतो, वालीला सीमा लागू होतेच असे नाही. लेबननच्या हिजबुल्लाने १९८५ च्या आपल्या जाहीरनाम्यात वली फकीहाची आज्ञा मानण्याची ग्वाही दिली, ती दुसऱ्या देशाच्या पुढाऱ्याला दिलेली नव्हती. हिजबुल्लाच्या दृष्टीने ती आपल्याच वालीला दिलेली होती. उलट नजफमधील शिया धर्मशास्त्री आयातुल्ला सिस्तानी, जन्माने इराणी असूनही, ही विलायत राज्यकारभाराला लावत नाहीत.

राहिला प्रश्न फेरफाराचा. फकीहाला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार ८८ सदस्यांच्या तज्ज्ञमंडळाला आहे. त्याचे उमेदवार पालक परिषद तपासते, आणि त्या परिषदेतील १२ पैकी ६ जण खुद्द फकीहाने नेमलेले असतात. तत्त्व बदलायचे म्हटले, तर १९८९ च्या दुरुस्तीने घातलेले १७७ वे कलम आडवे येते. घटनेत पुढे काहीही दुरुस्ती झाली, तरी विलायतीचे कलम कधीही बदलता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे उताऱ्यावरची ती तीन अक्षरे तशीच राहणार, खातेदाराचे वय काहीही असो.