मदत हवी आहे : 'डूम' (२००५) मधल्या रायफली आणि आमच्या लघुपटातली नकली बंदूक

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून एक विज्ञान-भयपट प्रकारातला लघुपट करतोय. जमिनीखालची प्रयोगशाळा, अरुंद बोळ, आत अडकलेली सैनिकांची तुकडी. पैसे बेताचेच आहेत, पण बंदूक धरलेला माणूस खोटा वाटला की भीती तिथेच संपते, म्हणून या एका बाबतीत मला तडजोड नको आहे.

त्यासाठी 'डूम' हा व्हिडिओ गेमवरून केलेला चित्रपट पुन्हा बघायला घेतला. कार्ल अर्बन, ड्वेन जॉन्सन, २०४६ साल, मंगळावरचं संशोधन केंद्र. कथेत दम नाही हे समीक्षकांचं म्हणणं मला पटतं, पण शस्त्रांचं काम मनापासून आवडतं. शेवटाकडचा तो साधारण पाच मिनिटांचा तुकडा, ज्यात सगळं नायकाच्या डोळ्यांतून दिसतं आणि पडद्यावर खाली फक्त बंदूक असते, तो तर मी थांबवून थांबवून पाहिला. १९९३ च्या मूळ गेममधली शॉटगन एका खेळण्यातल्या बंदुकीचे फोटो काढून केली होती, तरी ती धाक बसवायची. म्हणजे आपल्यालाही जमायला हवं.

अडलंय ते असं. सैनिकांच्या हातातल्या मुख्य रायफली कुठल्या खऱ्या बंदुकीवर बेतल्या आहेत? बोळात बार उडतो तेव्हा भिंतींवर पडणारा उजेड आपण कसा आणायचा? आणि ब्लँक (म्हणजे गोळी नसलेली, नुसता बार काढणारी) काडतुसं मिळवून देतो असं एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, ती वापरावीत का?

प्रतिसाद १

त्या रायफली हेक्लर अँड कोख या जर्मन कंपनीच्या जी ३६ वर बेतलेल्या आहेत. जर्मन सैन्याने १९९७ मध्ये स्वीकारलेली ५.५६ मिमीची रायफल. वर उचलायची लांबच लांब मूठ, तिच्यातच बसवलेली दुर्बीण, खांद्याला टेकवायचा, दुमडता येणारा पोकळ दस्ता आणि आतली काडतुसं दिसतील असं अर्धपारदर्शक मॅगझीन. बराचसा भाग प्लॅस्टिकचा असल्यामुळे २००५ साली ती मुळातच भविष्यातली वाटायची. त्यावर वेगळी आवरणं, दिवे वगैरे चढवले की झालं काम.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. आधी खऱ्या बंदुकीची बाह्यरेषा मापात कापा, मग कल्पना लढवा. सनबोर्डचे (फोमच्या कडक शीटचे) थर, वरून फोम, नळीसाठी पीव्हीसी पाइप. आत लोखंडी पट्टी घालून वजन तीन-साडेतीन किलोपर्यंत न्या. मूळ जी ३६ साधारण तेवढीच भरते. हलकी बंदूक नटाच्या मनगटातून लगेच कळते, मग रंग कितीही छान असो.

प्रतिसाद २

ब्लँकना स्पष्ट नाही म्हणा. कृपया.

ब्लँकमध्ये गोळी नसते, पण बंदुकीची दारू असतेच. जवळून तिचा दाब आणि काडतुसाच्या तोंडाशी कोंबलेला बोळा जीव घेऊ शकतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या नटाने सेटवर ब्लँक भरलेलं पिस्तूल गंमतीत कानशिलाला लावून चाप ओढला आणि तो गेला. १९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर नळीत आधीच अडकलेलं गोळीचं टोक ब्लँकच्या जोराने सुटलं, नट ब्रँडन ली गेला. २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर तर बंदुकीत खरंखुरं, गोळी असलेलं काडतूस निघालं आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या. ही सगळी माणसं व्यावसायिक सेटवर होती. त्या गृहस्थांना परवान्याबद्दल विचारतही बसू नका, विषय बंद करा.

शिवाय बाहेर उघड्यावर चित्रीकरण असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि नकली बंदुका गाडीतून झाकून न्या. लांबून बघणाऱ्याला फोम आणि पोलाद सारखंच दिसतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ब्लँकचा विषय आजच बंद केला, गटात सगळ्यांना कळवलंही. उजेडाचं कोणी सांगेल का? संगणकावर ज्वाळा चिकटवून पाहिली, पण ती बोळाचा भाग वाटतच नाही.

प्रतिसाद ३

कारण ज्वाळा आहे, पण तिचा उजेड कुठेच पडत नाहीये. नळीच्या टोकाशी एक जोरदार एलईडी बसवा, चाप ओढला की क्षणभर लागेल असा. भिंत, नटाची हनुवटी, समोरचं धूळ-धुकं सगळं खऱ्या उजेडात उजळेल. मग संगणकावर ज्वाळा फक्त एकाच फ्रेमवर टाका. नवशिके ती चार-पाच फ्रेम ठेवतात आणि बंदुकीचा फटाका होतो. सेकंदाला २४ फ्रेम घेताना कॅमेऱ्याचं शटर (उजेड आत सोडणारा पडदा) साधारण अर्धा वेळ बंदच असतं, त्यामुळे खऱ्या चित्रपटांतही काही बारांची ज्वाळा दिसतच नाही. तुम्हीही मधले एक-दोन बार कोरे सोडा.

आणि खांद्याचा धक्का नटाकडून आधी घोटून घ्या. एलईडी आणि धक्का एका वेळी आला पाहिजे. नंतर संकलनात तो जुळवता येत नाही.