‘लोकार्पण’ नेमकं कशाचं? (मुक्तस्रोत, एम्बेडेड, प्लॅटफॉर्म)

प्रश्न

एका तांत्रिक बातमीचा अनुवाद करतो आहे. मोबाइल आणि एम्बेडेड उपकरणांसाठी ओपन सोर्स (म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेला) सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्म लॉन्च झाला, एवढाच मजकूर. मी लिहिलं: ‘भ्रमणध्वनी व अंतःस्थापित उपकरणांसाठी मुक्त स्त्रोत व्यासपीठाचे लोकार्पण.’ वाचताना खटकतंय, पण कुठे ते सापडत नाही.

उत्तर

आधी ‘स्त्रोत’ दुरुस्त करा. त्यातल्या पहिल्या जोडाक्षरात ‘त्’ नाही. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. अर्थ प्रवाह, ओघ. सोर्स कोडमधला सोर्स मात्र ‘मूळ’ या अर्थाचा: माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी आज्ञावली, जिच्यापासून यंत्राला चालवता येईल अशी फाइल तयार होते. पण ‘मुक्तस्रोत’ आता रुळला आहे, तो मोडू नये. सामासिक शब्द आहे, जोडून लिहा.

‘व्यासपीठ’ मला अजिबात पटत नाही. व्यासपीठावर बसून कोणीतरी बोलतो, बाकीचे ऐकतात. सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मवर इतरांनी काहीतरी उभारायचं असतं. खाली कर्नल (यंत्राशी थेट बोलणारा प्रणालीचा गाभा), त्यावर ग्रंथालयं (लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचे संच), त्यावर ॲप. मराठीत याला घरबांधणीतला नेमका शब्द आहे: जोतं. जोतं एकाने घालावं, भिंती दुसऱ्याने चढवाव्यात. बातमीत ‘प्लॅटफॉर्म’च ठेवा, पण समजावून सांगताना जोत्याचा दाखला जरूर द्या.

‘अंतःस्थापित उपकरण’ म्हटलं की उपकरणच कशाच्या तरी आत बसवलंय असं वाटतं. आत बसवलेला असतो तो संगणक. राउटर, टीव्ही, गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा, धुलाईयंत्राचं नियंत्रण, या सगळ्यांच्या पोटात तो असतो. रत्नजडितच्या चालीवर ‘संगणकजडित उपकरण’ म्हणता येईल.

भ्रमणध्वनी म्हणजे फक्त फोन. टॅब्लेटही त्यात यायला हवा, म्हणून ‘मोबाइल’ बरा.

आता ‘लोकार्पण’. खरी गोम इथे आहे. अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली, मूळ आज्ञावली खुली झाली २१ ऑक्टोबर २००८ रोजी. मधे जवळजवळ वर्ष गेलं. सिंबियन ही नोकियाच्या फोनमधली प्रणाली खुली करणार असं २००८ मध्ये जाहीर झालं, काम पुरं झालं फेब्रुवारी २०१० मध्ये. इंग्रजीतला ‘लॉन्च’ या दोन्ही दिवसांना चालतो, लोकार्पण चालत नाही. लोकांच्या हाती काही पडलं असेल तरच ते लोकार्पण, एरवी ती घोषणा. तुमच्या बातमीत त्या दिवशी आज्ञावली उतरवून घेता येत होती का, हे आधी पाहा. शब्द त्यावर ठरेल.

प्रतिसाद

‘संगणकजडित’ ऐकायला छान आहे, पण जडवलेलं रत्न दिसावं म्हणून जडवतात. एम्बेडेड संगणक दिसत नाही, आणि तो नजरेत न येणं हाच त्याचा गुण. मी ‘एम्बेडेड’च ठेवीन.

दुसरं, ‘अर्पण’ केलं की देणाऱ्याचा हक्क संपतो. मुक्तस्रोतात प्रताधिकार (कॉपीराइट) लिहिणाऱ्याकडेच राहतो. मग लोकार्पण कसं?

उत्तर

जडवण्याचा मुद्दा मान्य. मी तो शब्द मागे घेतो.

अर्पणाबद्दल मात्र थोडं थांबा. मालकी राहते, पण दिलेली परवानगी? अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाची २.० परवान्याखाली आहे. वापरण्याची, बदलण्याची, पुढे वाटण्याची मुभा तो कायमची देतो, आणि परवान्याच्या अटी पाळणाऱ्याकडून ती काढून घेता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे बाहेर पडलेली आवृत्ती खरोखरच दिलेली असते. पुढची द्यायची की नाही, ते देणाऱ्याच्या हाती. २०११ मध्ये टॅब्लेटसाठीची अँड्रॉइड ३.० उपकरणांवर आली, पण तिची मूळ आज्ञावली तेव्हा खुली झाली नाही. ती त्याच वर्षाच्या अखेरीस ४.० बरोबर बाहेर आली. तेवढे महिने ३.० चं लोकार्पण झालं असं म्हणणं चूक ठरलं असतं. म्हणून आवृत्तीचं लोकार्पण म्हणावं, प्लॅटफॉर्मचं म्हणताना जपून.

प्रश्नकर्ता

मूळ बातमी पुन्हा वाचली. प्रकल्प जाहीर झालाय, आज्ञावली काही महिन्यांनी खुली करणार आहेत. म्हणजे माझ्या वाक्यातला सर्वात भारदस्त शब्दच खोटा होता. आता असं करतो: ‘मोबाइल व एम्बेडेड उपकरणांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मची घोषणा, मूळ आज्ञावली नंतर खुली होणार.’