मदत हवी आहे: गुरखा सैनिकाचं पहिल्या महायुद्धातलं पदक, काठावरची अक्षरं आणि कूतचा वेढा

नमस्कार मंडळी,

इथे लष्करी इतिहासावर मनापासून लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये राई दाजू (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) आहेत. मूळचे पूर्व नेपाळातल्या भोजपूरचे, पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पणजोबांचं एक पदक घरात आहे. दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, गावी गेले होते, तेव्हा आईने ते त्यांच्याकडे सोपवलं. मी हातात घेऊन नीट पाहिलं. चांदीचं, जुन्या रुपयाहून मोठं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४, १९१८ ही सालं. रिबन कधीच गेली आहे. दर सणाला राखेने घासून घासून राजाचं नाक जवळजवळ सपाट झालंय. पण काठ मात्र शाबूत आहे आणि त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत: आधी एक नंबर, मग तीन-चार अक्षरांचा हुद्दा, मग नाव, आणि शेवटी '२-७' आणि गुरखा रायफल्सचं लघुरूप. घरच्यांची परवानगी विचारल्याशिवाय नंबर आणि नाव इथे देत नाही.

घरात एवढंच माहीत आहे की पणजोबा गल्लावाल्याबरोबर (भरतीसाठी गावातून पोरं गोळा करणारा माणूस) दार्जिलिंगला गेले, भरती झाले आणि 'बगदादला वारले'. कुठे, कधी, कसे, काही नाही. पणजीला काही वर्षं पैसे येत असत, ती गेल्यावर ते थांबले.

घाई अशासाठी की दाजूंना एक एजंट भेटलाय. या पदकावर तुमच्या मुलाला ब्रिटनचा व्हिसा काढून देतो म्हणतो. आगाऊ पैसे मागतोय आणि मूळ पदकही ताब्यात मागतोय. दाजू सरळ माणूस आहेत, देऊन बसतील अशी मला भीती वाटते.

तर प्रश्न असे. काठावरच्या '२-७'चा अर्थ काय? बगदादची गोष्ट खरी असू शकते का? नावाची नोंद कुठे शोधायची? आणि त्या व्हिसाच्या बोलण्यात काही तथ्य आहे का?

एक विनंती. आपल्याकडे गुरखा म्हटलं की खुकरी आणि शौर्य यापुढे गोष्ट जात नाही. मला या एका माणसाचं काय झालं ते हवं आहे.

— स्नेहल_कोथरूड

निवृत्त_११जीआर:

स्नेहलताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. पदक कुणाच्याही हातात देऊ नका आणि एक पैसाही देऊ नका. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळाला तो ब्रिटिश लष्करात नोकरी केलेल्या माजी गुरखा सैनिकांना. २००४ मध्ये १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांना, आणि मोठं आंदोलन झाल्यावर मे २००९ मध्ये त्याआधीच्या, किमान चार वर्षं नोकरी झालेल्यांना. दाजूंचे पणजोबा ज्या फौजेत होते ती ब्रिटिशांच्या ताब्यातली हिंदी फौज. ब्रिटिश लष्करातली गुरखा ब्रिगेड १९४७ च्या नोव्हेंबरातल्या त्रिपक्षीय करारानंतरची. भारत, ब्रिटन आणि नेपाळ तिघांनी मिळून दहा रेजिमेंटची वाटणी केली: १, ३, ४, ५, ८, ९ भारताकडे आणि २, ६, ७, १० ब्रिटनकडे. पणतवंडांना पहिल्या महायुद्धाच्या पदकावर व्हिसा मिळेल असा कुठलाही नियम नाही. दाजूंना हे त्यांच्या मुलासमोर सांगा, म्हणजे एजंट पुन्हा आला तर घरात एकमत असेल.

आता पदक. हे 'ब्रिटिश वॉर मेडल'. '२-७' म्हणजे सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन. सातवी रेजिमेंट मुख्यतः राई आणि लिंबूंची, म्हणजे भोजपूरशी जुळतंय. आणि दुसरी बटालियन असेल तर बगदाद अगदीच शक्य आहे. १९१५ च्या जुलैत ती आजच्या इराकमधल्या नासिरियाला लढली, नंतर ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर तैग्रिसच्या काठाने वर गेली. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. तिथल्या एका टेकाडाला पुढे 'गुरखा माउंड' हेच नाव पडलं. बगदाद तेव्हा हाती लागलंच नाही. फौज मागे फिरली आणि तैग्रिसकाठच्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. घरच्या आठवणीतलं 'बगदाद' हे टेसिफोन असेल, कूत असेल किंवा त्यानंतरची कैद असेल.

एक गोष्ट घरी नक्की विचारा: पितळी रंगाचं, ताऱ्याच्या आकाराचं आणखी एक पदक होतं का? त्याला १९१४-१५ स्टार म्हणतात. ३१ डिसेंबर १९१५ च्या आत जो रणभूमीवर पोचला त्यालाच ते मिळायचं आणि त्याच्या मागच्या बाजूला नाव कोरलेलं असायचं. हे का महत्त्वाचं, तर कूत पडल्यावर अख्खी बटालियन कैदेत गेली आणि मग २/७ नव्याने उभी केली गेली. ही नवी २/७ पुढे १९१८ मध्ये पॅलेस्टाईनमध्येही होती. स्टार असेल तर पणजोबा जुन्या बटालियनमधले असण्याची शक्यता फार वाढते.

कृष्णाकाठ:

कूतचं नाव वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. टाउनशेंडची फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. नावच पुण्याचं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. म्हणजे सातारा-कोकणातली आपली माणसं आणि दाजूंचे पणजोबा बहुधा एकाच वेढ्यात होते. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आली. जवळपास पाच महिने.

शेवटचे महिने फार वाईट होते. पीठ रोज कमी होत गेलं. घोडे-खेचरं मारून मांस वाटलं जायचं, पण धर्माच्या कारणाने बऱ्याच हिंदी सैनिकांनी ते नाकारलं. खायला काही नाही म्हणून स्कर्व्ही पसरली, हिरड्यांतून रक्त यायचं, जखमा भरत नव्हत्या. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले तरी पुष्कळांनी हात लावला नाही. एप्रिलमध्ये भुकेने बेजार होऊन अनेकांनी खाल्लं. विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला, त्यातली काही थेट नदीत पडली. सोडवायला निघालेल्या फौजेची शेख साद, हन्ना, दुजैला इथे कत्तल झाली आणि त्या फौजेतही गुरखा पलटणी होत्याच. आत जवळपास तेरा हजार माणसं होती त्यापेक्षा जास्त माणसं त्यांना बाहेर काढताना मारली-जखमी झाली.

शरणागतीनंतर साध्या शिपायांना बगदाद, समारा, मोसूल करत रास अल-ऐनपर्यंत वाळवंटातून चालवत नेलं आणि तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. 'बगदादला वारले' याचा अर्थ तिथेही असू शकतो.

जुने_कागद:

नोंद शोधण्याबद्दल सांगतो, कारण माझ्या आजोबांच्या भावाची नोंद मी अशीच शोधली आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येतं. 'सेव्हंथ गुरखा रायफल्स' रेजिमेंट आणि 'इंडियन आर्मी' निवडा. नुसत्या नावाने शोधलंत तर तेच नाव, तेच आडनाव असलेली डझनभर माणसं समोर येतील, म्हणून काठावरचा नंबर हीच खरी किल्ली. तो भिंगाखाली वाचा, तिरका उजेड टाकून फोटो काढा, ३ आणि ८ मध्ये गफलत होते. नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गाव असतं. पत्त्यात 'ईस्ट नंबर ४' असं दिसलं तर गोंधळू नका, तो नेपाळचा जुना विभाग, भोजपूर त्यातच येतं. गावाचं स्पेलिंग कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. दाजूंनाच मोठ्याने वाचायला सांगा, ते पटकन ओळखतील.

मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) वारलेल्या आणि कबर न सापडलेल्यांची नावं बसरा मेमोरियलच्या यादीत असतात. तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं आहेत. मला जे फार टोचतं ते सांगतो: त्या भिंतीवर गोऱ्यांची नावं आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. पण हिंदी फौजेतल्या साध्या शिपायांचा रेजिमेंटखाली नुसता आकडा कोरलेला आहे. नावं वेगळ्या नोंदवहीत. कमिशनने २०२१ च्या एप्रिलमध्ये अहवाल काढून ही असमानता स्वतः मान्य केली. दाजूंना भिंतीचा फोटो दाखवणार असाल तर ही गोष्ट आधी सांगा, नाहीतर ते तासभर नाव शोधत बसतील.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडून फार आशा धरू नका. इंडिया ऑफिसच्या कागदांत अधिकाऱ्यांबद्दल भरपूर आहे, शिपायांबद्दल फार थोडं. ७ जीआर (सातवी गुरखा रायफल्स) १९४७ नंतर ब्रिटनकडे गेली आणि १९९४ मध्ये रॉयल गुरखा रायफल्समध्ये विलीन झाली, त्यामुळे विंचेस्टरच्या गुरखा म्युझियमला ईमेल जरूर करा. नंबर, नाव, बटालियन आणि पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडा.

स्नेहल_कोथरूड:

सगळ्यांचे मनापासून आभार. दाजूंना सगळं वाचून दाखवलं. मुलगाही होता. एजंटला त्याने स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

तारा-पदकाबद्दल गावी फोन लावला. आई म्हणाल्या, एक 'तारो' होता, पण तो मोठ्या काकांच्या वाटणीत गेला. काकांचं घर आता धरानला आहे. दाजूंचा चुलतभाऊ शोधणार आहे.

एक प्रश्न दाजूंनी विचारलाय आणि मला उत्तर देता आलं नाही. नेपाळ तर इंग्रजांच्या राज्यात नव्हतं, मग एवढी माणसं कशी गेली? त्या बदल्यात देशाला काय मिळालं?

निवृत्त_११जीआर:

दाजूंचा प्रश्न योग्य आहे. १८१४-१६ च्या युद्धात इंग्रजांनी नेपाळचा पराभव केला, पण त्याच युद्धात, १८१५ मध्ये, समोरच्या सैनिकांना पाहून पहिल्या पलटणी उभ्या केल्या. पुढे काठमांडूचे राज्यकर्ते बरीच वर्षं भरतीला नाखूशच होते, त्यामुळे माणसं चोरून सीमा ओलांडायची. १८८५ नंतर राणा घराण्याच्या सरकारने (नेपाळचे पंतप्रधान तेव्हा याच घराण्यातले असत) परवानगी दिली आणि गोरखपूर, दार्जिलिंगला भरती केंद्रं आली. पहिल्या महायुद्धात पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी गावागावातून माणसं काढायला पूर्ण मदत केली. सुमारे दोन लाख गुरखा त्या युद्धात होते आणि त्यातले जवळजवळ वीस हजार मारले गेले किंवा जखमी झाले. नेपाळची लोकसंख्या तेव्हा साधारण साठ लाखांच्या आत-बाहेर. डोंगरातल्या मगर, गुरुंग, राई, लिंबूंच्या गावांवर याचा भार किती पडला असेल ते बघा.

बदल्यात इंग्रज सरकारने नेपाळ दरबाराला दरसाल दहा लाख रुपये द्यायला सुरुवात केली आणि १९२३ च्या तहात नेपाळचं स्वातंत्र्य लेखी मान्य केलं. स्वातंत्र्याची मान्यता ही खरोखर मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखणार नाही. पण पैसे राणांच्या दरबारात गेले. भोजपूरच्या विधवेपर्यंत पोचली ती तिची पेन्शन, तीही ती चालत पेन्शन आणायला जाऊ शकली तर.

मी स्वतः ११ जीआरमध्ये नोकरी केली. १९४८ मध्ये ब्रिटिशांकडे जायला नकार देणाऱ्या ७ आणि १० जीआरच्या सैनिकांमधूनच ती पलटण उभी राहिली. दाजूंच्या घरातलं कुणी तेव्हा भारताकडे राहिलं का, तेही विचारा. तसं असेल तर आमच्या रेकॉर्ड ऑफिसकडे कसं लिहायचं ते मी सांगतो.

स्नेहल_कोथरूड:

सर, विचारते. दाजू म्हणाले एक चुलत आजोबा 'भारतको पल्टन'मध्ये होते, पण नाव आईलाच माहीत.

रविवारी दोघं बसून कमिशनची यादी तपासणार आहोत, नंबर भिंगाने वाचून झालाय. कृष्णाकाठ, तुमच्या माहितीत ११७ किंवा १०३ मराठाच्या कुणा घरात कूतच्या वेढ्यातून किंवा कैदेतून आलेलं पत्र, पोस्टकार्ड, अगदी एखादी सांगोवांगीची आठवण असेल तर इथे जरूर टाका. २/७ गुरखांचा उल्लेख त्यात एका ओळीत जरी असला तरी दाजूंना दाखवायचा आहे.